अ‍ॅलन गिन्सबर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिन्सबर्गवर कुठे काही लिहिलं किंवा बोललं की ठरावीक प्रश्न येतात. काही पहिल्यांदाच नाव ऐकणाऱ्यांचे, काही पुष्कळ वाचलेल्यांचे, तर काही 'आता बोला!' अशा सुरातले. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येत असेल तिथे आकडा दिलाय. त्याच्याबद्दल एकेरीत का लिहिता, असंही काहीजण विचारतात. कवीला एकेरीत हाक मारायची मराठीत जुनी सवय आहे, एवढंच.

१. गिन्सबर्ग म्हणजे कोण? थोडक्यात सांगा.

अमेरिकन कवी. ३ जून १९२६ रोजी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला जन्मला, जवळच्या पॅटरसन गावात वाढला आणि ५ एप्रिल १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. 'हाउल' (१९५६) आणि 'कॅडिश' (१९६१) ही त्याची सगळ्यात गाजलेली पुस्तकं. ज्यू घरातला, पुढे बौद्ध झालेला, उघडपणे समलिंगी, युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेला.

मला त्याच्यातली एकच गोष्ट मुळाची वाटते. आपण जिवलग मित्राशी रात्री बोलतो ते एक आणि कवितेत लिहितो ते दुसरं, हा फरकच त्याला मान्य नव्हता. दोन्हीकडे भाषा एकच हवी, हे तो मुलाखतींतूनही सांगायचा. त्याच्या आयुष्यातलं बरंचसं चांगलं आणि काही वाईटही या एका हट्टातून आलेलं आहे.

२. बीट आणि हिप्पी एकच ना?

नाही. बीट ही आधीची पिढी, आणि ती मुळात लेखकांची. १९४३ साली गिन्सबर्ग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. तिथे आणि आसपास त्याला जॅक केरुआक, विल्यम बरोज ही मंडळी भेटली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नोकरी, घर, गाडी, चर्च अशी सुबक घडी बसत होती. ह्या लोकांना त्या घडीत बसायचं नव्हतं. हिप्पी आले साठीच्या दशकाच्या मध्यावर, आणि ते हजारोंच्या संख्येने आले. दोन्हींमधला दुवा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा माणूस गिन्सबर्गच. केरुआकला हिप्पी अजिबात आवडायचे नाहीत. गिन्सबर्ग त्यांच्यात जाऊन बसला.

३. त्याच्या आईच्या वेडाबद्दल सारखं ऐकतो. नेमकं काय झालं होतं?

वडील लुई शाळेत शिकवायचे आणि यमकबद्ध, नीटस कविता लिहायचे. आई नेओमी रशियातून आलेली, कट्टर कम्युनिस्ट. तिला भास व्हायचे. कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, घरात तारा बसवल्यात, असं वाटायचं. इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि संपल्याच नाहीत. शाळकरी अ‍ॅलन कित्येकदा शाळा बुडवून घरी तिच्याजवळ बसायचा. १९४७ साली डॉक्टरांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया सुचवली. तोपर्यंत आईवडील वेगळे झाले होते, त्यामुळे संमतीच्या कागदावर सही करायची वेळ एकविसाव्या वर्षी अ‍ॅलनवर आली. ती सही त्याला जन्मभर छळत राहिली.

नेओमी जून १९५६ मध्ये इस्पितळातच गेली. अ‍ॅलन तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होता. ज्यूंमध्ये मृतासाठी 'कॅडिश' ही प्रार्थना म्हणतात आणि तिला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. अंत्यविधीला तेवढेही जमले नाहीत, म्हणून प्रार्थना झालीच नाही. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो! तसा त्याचा लागला असावा. पुढे काही दिवसांनी तिचं पत्र पोहोचलं, तिने जाण्याआधी लिहिलेलं. किल्ली खिडकीत आहे, खिडकीतल्या उन्हात आहे, असं काहीतरी त्यात होतं. आणि लग्न कर, असंही.

राहून गेलेली ती प्रार्थना त्याने स्वतः लिहिली. 'कॅडिश' ही ती कविता. आईचं उघडं शरीर, तिचा वास, उलट्या, वेडाचे झटके, सगळं त्यात आहे. काही पानं वाचताना मान फिरवावीशी वाटते. तरी ती शोककविताच आहे; मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या मोठ्या शोककवितांपैकी एक. 'हाउल'पेक्षा मी तिला वरचढ मानतो, पण यावर भांडायला माझे मित्र तयारच असतात.

४. 'हाउल'मध्ये एवढं आहे तरी काय?

आधी नाव. हाउल म्हणजे कुत्र्यालांडग्यांचं रडणं. रात्री लांब कुठेतरी 'कुत्रं रडतंय' असं आपण म्हणतो ना, ते. 'आक्रोश' हा शब्द त्याला फार सोवळा पडतो.

कविता तीन भागांत आहे, शिवाय शेवटी एक पुरवणी. पहिला भाग जवळजवळ एकच वाक्य आहे. आपल्या पिढीतले उत्तम लोक वेडापायी कसे नासले हे पाहिल्याचं कवी सांगतो आणि मग 'जे...', 'जे...' करत त्या लोकांची रांगच लावतो. उपाशी, नशेत, तुरुंगात, वेड्यांच्या इस्पितळात, पुरुषांच्या आणि बायकांच्या मिठीत, पुलावरून उडी मारणारे. दुसऱ्या भागात मोलोख येतो. बायबलमधला, मुलांचा बळी मागणारा हा देव इथे यंत्रं, बँका, तुरुंग आणि युद्ध यांचं रूप घेतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उंच हॉटेलाचा दर्शनी भाग रात्री नशेत पाहिला आणि त्यात त्याला हा राक्षस दिसला. तिसरा भाग कार्ल सॉलोमन या मित्राला उद्देशून आहे. हे दोघे १९४९ साली न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात भेटले होते. मित्रमंडळींनी चोरीचा माल घरात आणून ठेवला, त्या भानगडीत गिन्सबर्गला अटक झाली आणि तुरुंगाऐवजी तिथे पाठवलं गेलं, म्हणून.

मराठी वाचकाने ही कविता डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने म्हणावी. एक ओळ म्हणजे एक श्वास, हा त्याचा हिशेब होता. ओळ हातभर लांब असते आणि संपते तेव्हा खरंच दम लागतो. पालुपद पुन्हा पुन्हा येऊन आदळतं. गोंधळ किंवा भारूड ऐकलेल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही.

५. पहिल्यांदा ती कुठे वाचली गेली?

७ ऑक्टोबर १९५५, सॅन फ्रान्सिस्कोतली 'सिक्स गॅलरी'. मुळात ती मोटार दुरुस्तीची जागा, तिथे चित्रकारांनी गॅलरी थाटलेली. केनेथ रेक्सरॉथ सूत्रसंचालक. गॅरी स्नायडर, मायकेल मॅक्लूर, फिलिप व्हेलन, फिलिप लामांशिया हे बाकीचे कवी. केरुआकने पैसे गोळा करून दारूचे बुधले आणले आणि ओळीओळीला 'गो!' म्हणून ओरडत राहिला. आपल्या मैफिलीत 'क्या बात है' यावं तसं. प्रकाशक-कवी लॉरेन्स फर्लिंगेटी त्या रात्री हजर होता. त्याने तार केली. शंभर वर्षांपूर्वी इमर्सन या लेखकाने वॉल्ट व्हिटमन या कवीला ज्या शब्दांत शाबासकी कळवली होती तेच शब्द वापरून, वर 'हस्तलिखित कधी देतोस?' अशी पुस्ती जोडली.

६. 'हाउल'वर खटला झाला, मग गिन्सबर्ग तुरुंगात गेला का?

नाही. आरोपी तो नव्हताच. पुस्तक छापलं गेलं इंग्लंडमध्ये. किंमत ७५ सेंट. मार्च १९५७ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने ५२० प्रती अडवल्या. त्या सुटल्या, तर पोलिसांनी सिटी लाइट्स या दुकानातून प्रत विकत घेतली आणि विकणाऱ्या शिगेयोशी मुरावला अटक केली. प्रकाशक म्हणून फर्लिंगेटीवरही खटला भरला. कवी त्या वेळी समुद्रापलीकडे, आधी मोरोक्कोत आणि मग युरोपात होता.

न्यायाधीश क्लेटन हॉर्न रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे गृहस्थ. त्यामुळे निकाल काय लागणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांनी पुस्तक अश्लील नाही असा निकाल दिला. ज्या लेखनाला थोडंसुद्धा सामाजिक मोल आहे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. पुढच्या काळात अमेरिकेत बंदी असलेली पुस्तकं खुली झाली, त्यात या निकालाचा वाटा मोठा. आणि पुस्तक खपलं ते पोलिसांच्या कृपेने, हे सांगायला नकोच.

आपल्याला हे फार नवलाचं वाटू नये. मर्ढेकरांच्या कवितेवरही अश्लीलतेचा खटला झाला होता आणि तेही निर्दोष सुटले होते.

७. समलिंगी असल्याचं त्याने कधी जाहीर केलं?

एखादी तारीख नाही. जवळच्या मित्रांना विशीच्या आतबाहेर सांगितलं होतं. मग स्वतःला 'सुधारायचा' प्रयत्नही केला. १९४९च्या इस्पितळातून बाहेर पडताना त्याने बायकांवर प्रेम करायचं ठरवलं होतं. नोकरी धरली, मैत्रिणी केल्या. त्या काळी अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता आणि मानसोपचाराच्या पुस्तकात आजार. त्या यादीतून तो निघाला १९७३ साली.

गाठ सुटली ती सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे तो बाजार-पाहणीच्या कंपनीत नोकरीला होता. एका तरुण मानसोपचारतज्ज्ञाने त्याला विचारलं, तुला नेमकं काय करायचंय? हा म्हणाला, नोकरी सोडून पीटरबरोबर (त्याचा जोडीदार, प्रश्न ८) राहायचंय आणि कविता लिहायच्यात. डॉक्टर म्हणाला, मग करत का नाहीस? 'हाउल' त्यानंतरची. तिच्यात पुरुषांमधला संभोग लाज न बाळगता आणि आनंदाने येतो, आणि सरकारी वकिलांना बोचलं ते हेच. त्याच सुमाराच्या 'अमेरिका' या कवितेत देशाशी भांडून झाल्यावर शेवटी तो म्हणतो की मीही गाड्याला खांदा लावतो, माझा हा समलिंगी खांदा. तिथे त्याने जो शब्द वापरलाय तो त्या काळी शिवी होती. चळवळीने ती शिवी बिरुद म्हणून मिरवली ती पुष्कळ नंतर.

जून १९६९च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उलट मार दिला. एकदोन दिवसांत गिन्सबर्ग तिथे जाऊन आला, आत जाऊन नाचलाही. इथली पोरं किती देखणी दिसतायत, दहा वर्षांपूर्वी यांच्या चेहऱ्यावर असायचा तो जखमी भाव गेलाय, असं तो म्हणाला. दहा वर्षांपूर्वीचे ते चेहरे त्याने पाहिलेले होते. त्यातला एक त्याचा स्वतःचा होता.

८. पीटर ऑर्लोव्हस्कीशी त्याचं लग्न झालं होतं का?

कायद्याने नाही, तेव्हा ते शक्यच नव्हतं. १९५४च्या अखेरीस दोघं भेटले आणि अधूनमधून वेगळे राहूनही गिन्सबर्गच्या मरणापर्यंत सोबत टिकली. प्रतिष्ठितांच्या 'हूज हू' कोशात जोडीदाराच्या जागी गिन्सबर्गने सरळ पीटरचं नाव दिलं.

पण याची परीकथा करू नये. पीटरला बायकाही आवडायच्या, त्याच्या घराण्यात मानसिक आजार होता, पुढे व्यसनं फार वाढली. तोही कवी होता आणि आयुष्यभर 'गिन्सबर्गचा जोडीदार' म्हणूनच ओळखला गेला. तो २०१० साली वारला.

९. तो भारतात कशाला आला होता? गुरू शोधायला?

गुरू शोधायला, हो. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या खोलीत विल्यम ब्लेक हा जुना इंग्रज कवी वाचत असताना त्याला ब्लेकचा आवाज कानाने ऐकू आला होता. पुढची कित्येक वर्षं तो अनुभव पुन्हा मिळवण्यासाठी त्याने पडेल ती नशा केली. भारतात कोणीतरी वाट दाखवेल ही आशा होती.

फेब्रुवारी १९६२ मध्ये पीटरबरोबर तो बोटीने मुंबईला उतरला आणि मे १९६३ पर्यंत इथे राहिला, म्हणजे सव्वा वर्ष. गॅरी स्नायडर आणि जोअ‍ॅन कायगर यांच्याबरोबर हृषीकेश, धरमशाला, अजिंठा, वेरूळ असा प्रवास झाला. धरमशालेला दलाई लामांची भेट झाली. मग कलकत्ता आणि शेवटी काशी. दशाश्वमेध घाटाजवळ दोघं महिनोन्‌महिने खोली घेऊन राहिले. मणिकर्णिकेवर तासन्‌तास चिता बघत बसायचे, साधूंबरोबर चिलीम ओढायचे. पीटर रस्त्यावरच्या आजारी भिकाऱ्यांची सेवा करायचा. पोलिसांना हे दोन दाढीवाले हेर वाटले, व्हिसाचा त्रास झाला. आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा इथे लागू होतंच. ते सैल व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला.

गुरू मिळाला का? गंमत अशी, की ज्याच्याकडे जावं त्याने याला माघारी पाठवलं. हृषीकेशला स्वामी शिवानंद म्हणाले, तुझं हृदयच तुझा गुरू. वृंदावनात सल्ला मिळाला की ब्लेकलाच गुरू कर. तिबेटी लामा दुजोम रिन्पोछे म्हणाले, भयंकर काही दिसलं तर त्याला चिकटू नकोस, सुंदर दिसलं तरी चिकटू नकोस. भारत सोडल्यावर जुलै १९६३ मध्ये जपानच्या आगगाडीत त्याला रडू कोसळलं आणि त्याने ब्लेकच्या आवाजाचा पिच्छा सोडला. 'द चेंज' ही कविता त्या प्रवासातली. इथल्या वह्या १९७० साली 'इंडियन जर्नल्स' नावाने छापल्या गेल्या.

१०. मुंबईत तो मराठी कवींना भेटला होता ना? साठोत्तरी कविता त्याच्यामुळेच झाली असं वाचलं.

भेटला. निसीम इझिकेल आणि इंग्रजीत लिहिणारी मंडळी होतीच. अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्याशीही ओळख झाली. शहाण्यांना बंगाली येत असल्यामुळे कलकत्त्याचं वारं मुंबईत आणण्यातही त्यांचा हात होता.

दुसरा भाग मात्र मला पटत नाही. कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ साली निघालं, म्हणजे 'हाउल' छापून यायच्या दोन वर्षं आधी. मर्ढेकरांची 'काही कविता' त्याच्याही आधीची, १९४७ची. मराठीत तोडफोड करायला लागणारी हत्यारं घरचीच होती: मर्ढेकर होते, तुकाराम होता, गिरगाव आणि लोअर परळ होतं. गिन्सबर्गच्या मुक्कामानंतर १९६३ साली शहाण्यांचा मराठी साहित्यावरचा 'क्ष-किरण' लेख आला, 'असो' निघालं, 'कोसला' आली. लागोपाठ घडलं म्हणून एक दुसऱ्यामुळे घडलं असं होत नाही. बळ मिळालं असेल. आपल्यासारखे वेडे जगात इतरत्रही आहेत, हे कळलं की बळ येतंच.

आणि ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) गिन्सबर्गची फूटपट्टी लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, की आधी कामाठीपुऱ्याचा आणि जातीचा विचार करा. गिन्सबर्ग अंधाऱ्या वस्तीत हौसेने उतरला होता, आणि ढसाळ तिथेच वाढले होते.

११. बंगालच्या हंग्री कवींना त्यानेच बिघडवलं का?

हंग्री ही बंगाली बंडखोर कवींची चळवळ. तिचा पहिला जाहीरनामा नोव्हेंबर १९६१ चा, म्हणजे गिन्सबर्ग यायच्या आधीचा. तेव्हा नाही. मलय रायचौधुरी, शक्ती चट्टोपाध्याय, आणि हंग्री नसलेले सुनील गंगोपाध्याय यांच्याशी त्याची दोस्ती झाली. १९६४ साली मलय यांना अश्लील कवितेबद्दल अटक झाली, तेव्हा गिन्सबर्गने अमेरिकेतून भारतीय विचारवंतांना पत्रं लिहिली. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने संस्था चालवता, मग या पोरांसाठी बोलत का नाही, अशी त्याने खरडपट्टी काढली. मलय यांना २०० रुपये दंड झाला. १९६७ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं.

१२. पेटी वाजवून 'हरे कृष्ण' म्हणायचा, म्हणजे हिंदू झाला होता का?

नाही. भारतातून जाताना त्याने पेटी नेली आणि नंतर अमेरिकेत काव्यवाचनाची सुरुवात कीर्तनाने करू लागला. १९६८ साली टीव्हीवर उजव्या विचारांच्या विल्यम बकलीच्या कार्यक्रमात त्याने पेटी काढून 'हरे कृष्ण' सुरू केलं. बकलीचा चेहरा बघण्यासारखा आहे. पेटी तो यथातथाच वाजवायचा. आपल्याकडच्या भजनी मंडळात त्याला टाळावर बसवलं असतं.

धर्माने तो तिबेटी बौद्ध झाला. १९७२ साली चोग्याम त्रुंग्पा यांच्याकडे दीक्षा घेतली, अखेरच्या वर्षांत गेलेक रिन्पोछे हे गुरू होते. त्रुंग्पा प्रकरणाची दुसरी बाजू प्रश्न १६ मध्ये आहे.

१३. कवी होता की कार्यकर्ता? रस्त्यावर नेमकं काय केलं?

व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांना त्याने १९६५ साली सुचवलं की पोलिसांना शिव्या देऊ नका. फुलं, खेळणी, वाद्यं, मिठाई घेऊन या. पुढे 'फ्लॉवर पॉवर' म्हणून जे गाजलं त्याचं मूळ बरंचसं या सूचनेत आहे. युद्धात जाणारा कर भरणार नाही, असं जाहीर करणाऱ्या लेखकांत तो होता. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलीस अश्रुधूर सोडत होते, तेव्हा जमाव बिथरू नये म्हणून तो घसा बसेपर्यंत ओंकार म्हणत राहिला. त्या दंगलीच्या खटल्यात साक्षीला बोलावल्यावर सरकारी वकिलाने त्याच्या समलिंगी प्रेमाच्या कविताच वाचायला लावल्या. ज्युरीपुढे तोंड लपवील, असा हिशेब असावा. त्याने शांतपणे वाचून अर्थही समजावून सांगितला. ज्याने लपवायचं काही ठेवलेलंच नाही त्याला धमकी कशाची द्यायची?

१९७८ साली कोलोरॅडोत रॉकी फ्लॅट्स इथल्या अण्वस्त्र कारखान्याकडे जाणाऱ्या रुळांवर बसला, म्हणून अटक झाली. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता.

१४. डावा होता, मग कम्युनिस्ट देशांनी त्याला हाकललं का?

एकाच वर्षात दोघांनी, १९६५ साली. क्युबात पाहुणा म्हणून गेला आणि समलिंगींना का छळता, असं विचारत सुटला; विमानात बसवून देशाबाहेर पाठवलं. तिथून प्राग. १ मे रोजी विद्यार्थ्यांनी हजारोंच्या गर्दीत त्याला 'मे महिन्याचा राजा' केलं, डोक्यावर मुकुट घातला. आठवड्याच्या आत पोलिसांनी त्याची वही ताब्यात घेतली आणि त्यालाच देशाबाहेर काढलं. त्याच काळात अमेरिकेची एफबीआयही त्याच्यावर फाईल ठेवून होती. दोन्ही बाजूंना सारखाच नकोसा झालेला माणूस, असं त्याचं वर्णन केलं तर त्याला आवडलं असतं.

१५. बांगलादेशाच्या युद्धावरची कविता त्याचीच ना?

हो, 'सप्टेंबर ऑन जेसोर रोड'. सप्टेंबर १९७१ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि सुनील गंगोपाध्याय यांच्या सोबतीने पावसापाण्यातून सीमेकडच्या निर्वासित छावण्यांवर गेला. ही कविता त्याच्या नेहमीच्या लांब ओळींची नाही. साधी यमकं, लोकगीताची चाल, लाखो बाप, लाखो आया, लाखो मुलं असा मोजत जाणारा आकडा. तिचं बंगाली गाणंही झालं. इंग्रजी कमी येणाऱ्यालाही ती कळते.

१६. लहान मुलांशी संबंधांचं समर्थन करणाऱ्या संघटनेत तो होता, हे खरं आहे का? की बदनामी?

खरं आहे. नॅम्ब्ला नावाच्या अमेरिकन संघटनेचा तो सभासद झाला होता. प्रौढ पुरुष आणि अल्पवयीन मुलं यांच्यातल्या संबंधांना मान्यता द्यावी, अशी तिची मागणी. आपण बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी सभासद झालो, असं तो सांगायचा. समलिंगी चळवळीतल्या अनेकांनी आणि स्त्रीवाद्यांनी त्याला त्याच्या हयातीतच धारेवर धरलं. मलाही त्याचा बचाव लंगडा वाटतो. अश्लीलतेच्या खटल्यातून आलेल्या माणसाला प्रत्येक बंदी सारखीच दिसू लागली. पण कवीचं तोंड दाबणं आणि मुलांना संरक्षण देणं या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. हे प्रकरण पुढे करून 'सगळे समलिंगी असेच' म्हणणाऱ्यांचाही मात्र मला उबग येतो. त्या विधानाला आधार काहीच नाही.

दुसरं प्रकरण त्रुंग्पा यांचं. १९७५ साली त्यांच्या एका शिबिरात डब्ल्यू. एस. मर्विन या कवीला आणि त्याच्या सोबतिणीला गुरूंच्या हुकमावरून खोलीतून ओढून आणून सर्वांदेखत विवस्त्र केलं गेलं. सत्तेपुढे कधी न वाकलेला गिन्सबर्ग इथे आपल्या गुरूची बाजू सावरत राहिला. त्याच्या भक्तांनी ही दोन्ही प्रकरणं गाळून चरित्र सांगू नये.

१७. गांजा आणि एलएसडीमुळेच तो लिहू शकला ना?

काही तुकडे नशेत सुचले, हे तो स्वतःच सांगायचा (मोलोखचं प्रश्न ४ मध्ये आलंय). पण 'हाउल'च्या कच्च्या खर्ड्यांची पानंच्या पानं उपलब्ध आहेत. त्यावरची काटछाट पाहिली की हा भ्रम जातो. गांजावरची बंदी उठवावी म्हणून तो बर्फात फलक घेऊन उभा राहिला, १९६६ साली सिनेटच्या समितीपुढे एलएसडीबद्दल साक्षही दिली. हेरॉईनने मित्र गेलेले पाहिले होते, त्यामुळे सगळ्या नशा त्याने एका मापाने मोजल्या नाहीत.

१८. त्याला पुरस्कार, पैसा वगैरे मिळाला का?

१९७४ साली 'द फॉल ऑफ अमेरिका'ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, एड्रिअन रिच हिच्याबरोबर विभागून. त्याच वर्षी अ‍ॅन वॉल्डमनबरोबर कोलोरॅडोतल्या नरोपा या बौद्ध संस्थेत त्याने कवितेची शाळा काढली आणि तिला केरुआकचं नाव दिलं. १९८६ पासून ब्रुकलिन कॉलेजात प्राध्यापक होता. पैसा आला तो गरजू कवींना वाटण्यात गेला. स्वतः वर्षानुवर्षं लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहिला. १९९४ साली कागदपत्रांचा संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाने सुमारे दहा लाख डॉलरना घेतला, तेव्हा कुठे बरं घर झालं.

१९. आता तर 'हाउल' कुठेही वाचता येते ना?

छापील पुस्तक, हो. रेडिओवर मात्र अडचण आलेली आहे. २००७ साली निकालाला पन्नास वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राला ती प्रसारित करायची होती. एकेका आक्षेपार्ह शब्दाला लाखो डॉलर दंड होऊ शकतो, या भीतीने त्यांनी ती इंटरनेटवर ठेवली, हवेत सोडली नाही.

२०. सुरुवात कुठून करू?

'हाउल'पासून नको. 'अ सुपरमार्केट इन कॅलिफोर्निया' घ्या, पानभराची आहे. रात्रीच्या दुकानात फ्रिजमधलं मांस चाचपणारा म्हातारा व्हिटमन त्याला दिसतो. मग 'अमेरिका', तिच्यात हसूही येतं. मग वडील गेले तेव्हा १९७६ साली विमानात लिहिलेलं 'फादर डेथ ब्लूज'. हे त्याच्याच आवाजात, पेटीवर ऐका. त्यानंतर 'कॅडिश', एखाद्या निवांत दिवशी, घरात कोणी नसताना.

२१. शेवटी काय झालं?

बऱ्याच वर्षांची कावीळ यकृतात मुरली होती, तिचा कर्करोग झाला. थोडेच दिवस उरलेत असं कळल्यावर त्याने फोन उचलला आणि एकेका मित्राला स्वतःच सांगितलं. काहींना पैसे हवेत का, असंही विचारलं. ५ एप्रिल १९९७ रोजी न्यूयॉर्कच्या घरी गेला, वय सत्तर. अस्थींचा काही भाग न्यूअर्कच्या ज्यू दफनभूमीत वडिलांजवळ, काही बौद्ध केंद्रांत.

शेवटची कविता ३० मार्चची. आता आपल्या हातून काय काय व्हायचं नाही, याची ती यादी आहे. कुठकुठले देश पाहायचे राहिले ते येतं, आणि मग भारत येतो. पुरीचा जगन्नाथ पुन्हा दिसणार नाही. काशीला जाऊन गंगेत बुडी मारणार नाही, मणिकर्णिकेवर पीटरबरोबर बसणार नाही. आणि कलकत्त्याला, आता म्हाताऱ्या झालेल्या सुनीलबरोबर आणि कॉफी हाउसच्या तरुण कवींबरोबर, चहा प्यायचा राहिला.